कटआउटपेक्षा उंच

ज्वारी हुरड्याला आली की माझं डोकं फिरतं.

बाकीच्यांचं छान चाललेलं असतं. दौलताबादच्या रस्त्याला जागोजाग पाट्या लागतात, शहरातल्या गाड्या शेतांत घुसतात, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली जातात आणि ज्यांनी जन्मात खुरपं धरलं नाही ते बाजेवर मांडी ठोकून मातीशी असलेल्या नात्यावर बोलतात. मलाही निमंत्रणं येतात. मी जात नाही. तो धूर तीन वर्षांपूर्वी एकदा माझ्या नाकात गेला, तो अजून पुरता बाहेर आलेला नाही. लोकांना त्या वासानं आजोळ आठवतं. मला एक हात आठवतो.

यंदा थंडी उशिरा आली, पण आली. हर्सूलला आमच्या गल्लीत सकाळी तलावाकडून असं बोचरं वारं येतं की नळाचं पाणी हाताला चावतं. भोरड्यांचे थवे आलेत. शेकड्यांनी येतात आणि तारांवर अशा ओळीनं बसतात, जणू तारा त्यांच्यासाठीच ओढल्यात. मी मान वर करून बघत होते आणि फोन वाजला.

"मॅडम, ओळखलं का?"

ओळखलं. हा आवाज मी गर्दीत, पाण्याखाली, झोपेतही ओळखीन. भाऊसाहेब. आमच्या भागातल्या एका मोठ्या साहेबांचे उजवे हात. साहेबांचा वाढदिवस, साहेबांचा सत्कार, साहेबांचा महोत्सव, सगळं हेच उभं करतात.

"महोत्सव हाय यंदा पण. मैदान तेच. वायरलेसचं काम तुम्हीच करायचं बघा. झालं गेलं सोडून द्या."

"काय झालं होतं, भाऊसाहेब?" मी विचारलं.

पलीकडून आधी खाकरणं. मग हसल्याचा आवाज. "तुम्ही लई मनाला लावून घेता."

मी म्हणाले, कळवते. फोन ठेवला. वर भोरड्या एकदम उडाल्या आणि तार नुसतीच हलत राहिली.

*

माझं काम काय, हे चटकन कुणाला सांगता येत नाही, म्हणून लोक मला साउंडवाली म्हणतात. मी साउंडवाली नाही. साउंडवाल्याचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जातो. मी ज्या आवाजाची सोय करते तो मैदानातल्या एकाही माणसाला ऐकू येत नाही. पडदा ओढणारा, दिवे पाडणारा, कलाकाराला विंगेतून ढकलणारा, साखळी ओढणारा, ह्यांच्या कानाला हेडसेट आणि कमरेला एक डबा असतो. मागच्या टेबलावरून एक माणूस, पुष्कळदा मीच, बोलतो, "तयार… चला… थांबा." तेवढ्यावर कार्यक्रम चालतो. तो वायरलेस इंटरकॉम. आणि त्याचे अँटेना कुठं, किती उंचीवर लावायचे, म्हणजे कुणाच्याही कानातला आवाज कुठंही तुटणार नाही, ते ठरवणं माझं काम.

ते कॉम्प्युटरवर होत नाही. होतं असं सांगणारे खूप आहेत. मी डबा कमरेला लावून चालते. "एक, दोन, तीन" म्हणत चालते आणि जिथं आवाज खरखरतो तिथं फक्की टाकते, खो-खोच्या मैदानावर टाकतात तीच पांढरी भुकटी. तासाभरात जमिनीवर एक वेडंवाकडं अंगण उमटतं. आवाजाचं अंगण. दुसऱ्या अँटेनाचं दुसरं. दोन्ही अंगणं एकमेकांत हातभर तरी शिरली पाहिजेत, नाहीतर मधल्या पट्ट्यात उभा असलेला माणूस बहिरा. पत्रा आडवा आला की आवाज मरतो. लोखंडी चौकट आली की मरतो. माणसं आली की मरतो, कारण माणूस म्हणजे पाण्यानं भरलेलं मडकं, आणि ह्या लहरी पाण्याच्या आरपार जाताना दम सोडतात.

हे मी कॉलेजात शिकले. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. आहे मी. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक मुद्दाम विसरतात.

त्या मैदानावर तीन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी भाऊसाहेबांनी मला विचारलं होतं, "आडनाव काय म्हणला?"

मी म्हणाले नव्हते. सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. "अच्छा अच्छा."

त्या 'अच्छा'ची लांबी मला मोजता येते. त्याला अँटेना लागत नाही. शाळेत मोजली, कॉलेजात प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकाकडून मोजली, भाड्यानं खोली बघायला गेले तेव्हा दारात मोजली. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. तो बघितल्यावर काही पाहुण्यांचा चहा अर्धा राहतो, तीही तीच लांबी.

*

अण्णा, माझे वडील, गवंडी. गारखेड्यात निम्म्या गल्ल्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. त्यांच्याकडं एक ओळंबा आहे, पितळी, घासून घासून साबणासारखा गुळगुळीत झालेला, आणि पाण्याची नळी. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन भिंतींना लावायची, पाणी सांगेल ती पातळी. अण्णांची एक रीत होती. पातळी निघाली की ते स्वतः रेघ मारायचे नाहीत. मालकाला बोलवायचे, लाल पेन्सिल त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मारा." मालक वैतागायचा. "तुम्हीच मारा की मिस्तरी." अण्णा नाही म्हणायचे. उन्हात, पावसात, मालकाच्या बायकोला बाळंतकळा लागलेल्या असल्या तरी रेघ मालकानंच मारायची.

मला लाज वाटायची. त्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा दोन-तीनदा हा तमाशा बघितला. चांगले कपडे घातलेला माणूस चुन्या-सिमेंटात येऊन कुरकुरत रेघ मारतोय आणि माझा बाप हात मागं बांधून उभा.

"एवढं कशाला ताणता हो?" मी एकदा विचारलं.

"उद्या न्हाणीचं पाणी सैपाकघरात शिरलं तर लोक इचारतील, रेघ कुणाची? तवा सगळ्यांच्या तोंडात माझंच नाव येतंय. म्हणून."

मला ते अडाण्याचं भय वाटलं. मी शिकलेली होते. माझा प्लॅन कागदावर होता, टाइप केलेला, खाली माझं नाव आणि कंसात पदवी. कागदावर लिहिलं की झालं, असं मला वाटायचं. शिकलेल्या माणसाला हा एक रोग होतो.

*

त्या थंडीत मी मकरंद सरांच्या फर्ममध्ये नोकरीला होते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मी आधीच सावध राहिले असते. हसून बोलायचे, डबा वाटून खायचे. त्यांचं एकच वाक्य होतं, "क्लायंटला नाही म्हणायचं नसतं, विशाखा."

मैदान किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुपारी चारनंतर डोंगराची सावली सरकत सरकत खुर्च्यांवर येते आणि तिच्यासोबत गार हवा. तिन्ही बाजूंनी ज्वारी. लागूनच्या वावरात कुणीतरी राखणीचा माळा बांधला होता, चार खांबांवर बाज, आणि त्यावर उभं राहून एक म्हातारा दिवसभर गोफण फिरवत भोरड्या हाकायचा. त्याचं "हाऽऽ होऽऽ" माझ्या हेडसेटमध्येसुद्धा यायचं. मी तीन दिवस त्या मैदानावर चालले. फक्कीनं माझे बूट पांढरे झाले. शेवटी दोन अँटेना ठरले. एक मागं, कंट्रोलच्या टेबलापाशी. दुसरा पुढं, स्टेजच्या डाव्या अंगाला, बारा फुटी खांबावर. प्लॅनमध्ये मी स्पष्ट लिहिलं, बारा फुटांच्या खाली नको. लोक उभे राहिले की खाली काही पोचणार नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी साहेबांचं कटआउट आलं. दहा फुटी, हात जोडलेलं, मागं लोखंडी अँगलची चौकट. नेमकं माझ्या खांबाच्या पुढं उभं केलं. फोटोग्राफरनं कॅमेरा लावला आणि हसायला लागला. खांबाची वरची दोन फुटं आणि अँटेनाच्या दोन कांबी साहेबांच्या डोक्यातून वर आल्या होत्या. शिंगं फुटल्यासारख्या.

भाऊसाहेब हसले नाहीत.

"खाली घ्या ते."

"होणार नाही," मी म्हणाले. "बारा फूट लागतंच."

"साहेबाच्या वर काय नको. कायपण नको. झेंडा सोडून."

"मग कटआउट सरकवा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी साहेबांनाच सरकवायला सांगितलं. मी शेजारच्या वावराकडं बोट केलं. माळ्यावर म्हातारा गोफण भरत होता.

"भाऊसाहेब, तुमची शेती आहे ना? ज्वारीची राखण खाली बसून करता का?"

ते शेतकरी गडी. त्यांना नेमकं कळलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. म्हणूनच मला त्यांचा राग आहे. कळलं नसतं तर मी कधीच सोडून दिलं असतं.

"ज्वारीला साहेब नसतो, मॅडम," ते म्हणाले.

तेवढ्यात मकरंद सर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं. क्लायंटला नाही म्हणायचं नसतं. खांब दुसरीकडं न्यायला केबल पुरत नव्हती, आणायला वेळ नव्हता. खांब सहा फुटांवर आला. साहेबांच्या पाठीमागं, लोखंडी चौकटीच्या आड, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

मी डबा लावून पुन्हा सगळीकडं चालले. रिकाम्या खुर्च्यांमधून. आवाज सगळीकडं आला. थोडा पातळ, पण आला. सरांनी विचारलं, "ओके?"

मी म्हणाले, "ओके."

मी जर तो दोन अक्षरी शब्द कापून टाकू शकले असते, तर आज आरामात बाजेवर बसून हुरडा खाल्ला असता. मला ठाऊक होतं. रिकामं मैदान खोटं बोलतं, हे माझ्याइतकं त्या दिवशी तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं म्हणजे पाणी, हे माझ्याच कागदावर माझ्याच नावाच्या वर टाइप केलेलं होतं. तरी मी ओके म्हणाले, कारण भांडून माझा घसा बसला होता, कारण सर हसून बघत होते, कारण सकाळपासून मी मैदानावरची एकटी बाई होते आणि मला एकदा तरी कुणी कटकटी म्हणू नये असं वाटत होतं.

*

रहीमचाचा साखळीवरचा माणूस. स्टेजवर जड काहीही वर न्यायचं असलं, की चेन पुलीच्या एका टोकाला चाचा. तीस वर्षं हेच केलेलं. खांद्यावर कायम एक चौकड्याचा रुमाल. हेडसेट लावला की तो त्यांच्या टोपीवरून सरकायचा, म्हणून ते तो रुमालानं डोक्याला बांधायचे, आणि दिसायचे दात दुखणाऱ्या माणसासारखे.

"बेटा, तू बोलती तो कान में मच्छर घुस्या सरीखा लगता," असं ते मला म्हणायचे. "लेकिन मच्छर बराबर टाइम पे काटता, हौ."

त्या संध्याकाळी काम असं होतं. पाहुणे येणार, दीपप्रज्वलन होणार, मग एका मखमली उशीवर ठेवलेलं बटण पाहुणे दाबणार आणि स्टेजच्या मधोमध पडलेली लोखंडी कमान, दिव्यांनी मढवलेली, आपोआप वर उचलली जाणार. ते बटण कशालाच जोडलेलं नसतं. खाली नुसती प्लास्टिकची डबी. हे ठाऊक नसेल तर आता ठाऊक करून घ्या. मोठ्या माणसानं बटण दाबलं की मी टेबलावरून म्हणते, "चला," आणि पडद्यामागं दोन माणसं साखळी ओढतात. डाव्या बाजूला चाचा, उजव्या बाजूला किसन. कमान वर पोचली की मी म्हणते, "थांबा." दोघं थांबतात आणि आपापल्या खांबाच्या भोकात लोखंडी पिन घालतात, म्हणजे कमान खाली येत नाही. पिन घालायला हात कमान आणि खांबाच्या फटीत घालावा लागतो.

साहेबांची गाडी आली. आणि सगळं मैदान उभं राहिलं.

आपल्याकडं हे असंच असतं. माणूस यायच्या आधी गाडी येते आणि गाडीलाच लोक उठून उभे राहतात. पुढच्या रांगेतले हार घेऊन धावले, मागचे त्यांच्या मागं धावले, खुर्च्यांवर चढले, फोन वर केले. स्टेजपुढं माणसांची भिंत झाली, ओल्या, जाड, जिवंत माणसांची. माझ्या दोन्ही अँटेनांच्या आणि स्टेजच्या उजव्या कोपऱ्याच्या मध्ये. भाऊसाहेबांनी हात वर करून "बसा, बसा" केलं. कुणी बसलं नाही. ते स्वतःही उभेच होते.

बटण दाबलं गेलं. मी म्हणाले, "चला." कमान उचलली. टाळ्या. हवेत आराचा धूर होता, शेजारच्या वावरात साहेबांच्या माणसांसाठी हुरडा चालला होता. कमान वर पोचली. मी म्हणाले, "थांबा."

चाचांनी ऐकलं. अँटेनाचा खांब त्यांच्या बाजूला होता, तेवढ्या जवळ आवाज पोचला. ते थांबले. त्यांनी फटीत हात घातला.

किसनला काही ऐकू गेलं नाही. तो ओढत राहिला. कमान तिरकी झाली आणि डाव्या खांबावर दाबून बसली.

मला हे इतकं साधं सांगायला तीन वर्षं लागली. ज्यानं ऐकलं नाही त्याला काही झालं नाही. ज्यानं माझं ऐकलं त्याचा हात गेला. पूर्ण नाही, उजव्या हाताची दोन बोटं. पडद्याच्या पुढं टाळ्या चालूच होत्या. माझ्या हेडसेटमध्ये चाचांचा श्वास आला, नुसता श्वास, आणि मग अगदी हळू, "बेटा, रोक उसकू."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मकरंद सरांनी मला गारखेड्याच्या ऑफिसात बोलावलं. भाऊसाहेब बसलेले. टेबलावर दोन कागद.

एकावर होतं की अँटेनाचा प्लॅन सदोष होता. खाली माझ्या नावाची जागा. दुसऱ्यावर होतं की कामगारानं सूचना न ऐकता, घाईनं हात घातला. त्याच्याही खाली माझ्याच नावाची जागा, साक्षीदार म्हणून. सर म्हणाले, दुसरा बरा. तुझं करिअर आहे पुढं. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हातारं हाय. नजर कमी झाली आसल."

मी कागद घेतले आणि आधी दवाखान्यात गेले. चाचा पलंगावर बसून डाव्या हातानं पेरू खात होते. मी दोन्ही कागद वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"दूसरे पे सही मार दे," ते म्हणाले.

"चाचा, ह्याच्यानंतर तुम्हाला कुणी साखळीला हात लावू देणार नाही. सगळ्या शहरात होईल, रहीम ऐकत नाही म्हणून."

"दो उंगली गयी, वैसे भी कोन बुलाता?" त्यांनी पेरूची फोड माझ्यापुढं केली. "तू पढी-लिखी. तेरेकू आगे जाना है."

मला त्यांचाही राग आला. खरं सांगते. शिकलेल्या पोरीसाठी लोकांनी आपली बोटं द्यायची आणि वर पेरूही द्यायचा, हे जे काही आहे त्याचा मला संताप येतो. आमच्या घरात माझ्या शिक्षणासाठी पुष्कळांनी पुष्कळ सोडलं. चाचा आता आपलं नाव सोडायचं म्हणत होते. आणि हे नाव तर माझ्याचमुळं धोक्यात आलेलं.

संध्याकाळी घरी आले. अण्णा ओट्यावर होते. सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, तुझी काय चूक पोरी. त्यांनी आधी खांब किती फुटांचा ठरला होता ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले,

"सहा फुटावर आणला, तवा रेघ कुणी मारली?"

"कुणीच नाही, अण्णा. मी नुसतं ओके म्हणाले."

"मग ती रेघ तुझी."

एवढंच. उठून आत गेले. मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांनीच चहाचा कप माझ्यापुढं ठेवला, तोही न बोलता.

पण त्याच संध्याकाळी मी तिसरा कागद लिहिला होता. हातानं. खांब बारा फुटांचा ठरला होता. कटआउटपेक्षा उंच दिसतो म्हणून सहावर आणला. आणायला भाऊसाहेबांनी सांगितलं, मकरंद सरांनी मान्य केलं. रिकाम्या मैदानावर तपासून मी ओके म्हणाले, आणि ते म्हणायला नको होतं हे मला तेव्हाच कळत होतं. रहीमचाचांनी सूचना ऐकली, म्हणून हात घातला. खाली नाव. ह्या वेळी कंसात पदवी लिहिली नाही.

सरांनी वाचला, घडी घातली, हसून म्हणाले, "तुला उद्यापासून यायची गरज नाही." त्यांचं हसणं त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं. त्या कागदाच्या मी सहा प्रती काढल्या आणि शहरात जे जे मंडप, स्टेज, साखळीची कामं करतात त्यांच्या हातात नेऊन दिल्या. काहींनी वाचल्या. एकानं त्यात भजी बांधली असावीत. पण रहीमचं नाव कुणी खराब केलं नाही. माझं पुष्कळांनी केलं. ती बाई भांडते, असं. भांडते.

*

आता माझं स्वतःचं काम आहे. छोटं आहे. चाचा माझ्यासोबत असतात. साखळी ओढत नाहीत. डबा कमरेला लावून मैदानभर चालतात आणि आवाज कुठं मरतो ते सांगतात. त्यांच्याइतका कडक परीक्षक मला विद्यापीठात भेटला नाही. "यहां तेरी आवाज सर्दी हुई सरीखी आती," म्हणतात, आणि तीन बोटांच्या चिमटीतनं फक्की सोडतात.

भाऊसाहेबांना मी दोन दिवसांनी होकार कळवला. लोक विचारतील, का? माफ केलं म्हणून नाही. तो खांब त्या मैदानावर मला बारा फुटांवर बघायचा होता.

परवा गेलो. डोंगर तिथंच, सावली तिथंच, ज्वारी तशीच तिन्ही अंगांनी. माळा आहे, पण म्हातारा नाही. त्या जागी एक कर्णा बांधलाय आणि त्यातून सारखा कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज येतो. भोरड्या मजेत कणसं खात होत्या. कटआउट आधीच आलेलं होतं. आडवं पडलेले साहेब आभाळाला हात जोडत होते.

मी खांब उभा करून घेतला. अण्णांचा ओळंबा लावून सरळ केला. मग खिशातून लाल पेन्सिल काढून भाऊसाहेबांपुढं धरली आणि शिडी दाखवली.

"काय हे?"

"अँटेना किती उंचीवर पाहिजे, तिथं रेघ मारा. तुमच्या हातानं. खाली नाव घाला."

"तुम्ही इंजिनेर, मी कशाला?"

"इंजिनियर नाही. बी.एस्सी. मारा."

चार-पाच माणसं बघायला लागली. चाचा थोडे दूर, रुमालानं हेडसेट बांधून, उजवा हात कमरेवर ठेवून उभे होते. मुद्दाम ठेवला होता की सहज, मी विचारलं नाही. भाऊसाहेबांनी त्या हाताकडं एकदा बघितलं. मग माझ्याकडं. मग आडव्या साहेबांकडं. पोट सावरत शिडी चढले. चढताना थांबले, सहा फुटांवर थोडं जास्तच थांबले. बारावर रेघ मारली, वाकडी, आणि खाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर.

खाली उतरून लगेच ओरडले, "ये, ते कटआउट चौदा फुटावर घ्या रे!"

"घ्या," मी म्हणाले. "आभाळाला टेकवा साहेबांना. फक्त खांबाच्या पुढं नको, पलीकडच्या अंगाला." कटआउट पलीकडं गेलं.

मग मी मैदानावरची झाडून सगळी माणसं गोळा केली. मंडपवाले, खुर्च्या लावणारे, आचारी, त्याच्या हाताखालच्या बायका, फ्लेक्सवाला, भाऊसाहेबांचे दोन ड्रायव्हर आणि भाऊसाहेब. स्टेजपुढं दाटीवाटीनं उभं केलं. खांद्याला खांदा. मध्ये फट दिसली की मी ओरडत होते. भाऊसाहेब पहिल्या रांगेत, आचाऱ्याच्या काखेशी.

"हे कशाला?" ते म्हणाले.

"आज तुम्ही पाणी आहात. हलू नका."

डाव्या साखळीला किसन. उजव्या साखळीला किसनचा जोडीदार, आणि त्याच्या शेजारी, त्या वेळी जिथं आवाज मेला होता तिथं, उत्तर द्यायला चाचा. आता माझ्या कामावर नियम आहे, मी थांबा म्हटलं की दोन्हीकडून उत्तर आलं पाहिजे, आणि दोन्हीकडून आल्याशिवाय कुणी पिनेला हात लावायचा नाही. मी मागं टेबलापाशी गेले. डोंगराची सावली खुर्च्यांवर आली होती. शेजारून आराचा धूर सुटला होता.

"चला," मी म्हणाले. साखळ्या वाजल्या. कमान उचलली.

"थांबा."

"थांबलो," किसन म्हणाला.

उजवीकडून काही नाही. मी मोजलं नाही किती वेळ. भोरड्यांचा कलकलाट, कर्ण्यातलं कुत्रं, माझा स्वतःचा श्वास हेडसेटमध्ये. मग खरखर न होता, अगदी स्वच्छ, कानात मच्छर शिरावा तसा चाचांचा आवाज आला. पहिला शब्द तरी मराठीत.

"थांबलो, बेटा. पान की पिचकारी मार रहा था, इसलिए देर हुई."

मला हसू आलं नाही. मी टेबलाची कड घट्ट धरली होती, ती सोडायला थोडा वेळ लागला.

तिकडं गर्दीतून भाऊसाहेबांनी मान वर काढली. डोंगराच्या सावलीत ते थंडीनं आखडले होते. "मॅडम, झालं का? बसू का खाली?"

मी माईक तोंडाशी ओढला आणि ह्या वेळी मोठ्या स्पीकरवर गेले, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

"उभे राहा, भाऊसाहेब. अजून दोन फेऱ्या आहेत."